संस्कृतचा तास आणि स्कोअरबुक

स्मरणिका समितीने मला 'शाळेतले खेळ' या विषयावर लिहायला सांगितले तेव्हा मी फोनवरच हसले. ज्यांनी मला शाळेत पाहिले आहे त्यांना कारण सांगायला नको. खो-खोत मी मैदानात शिरल्याबरोबर बाद होऊन परत यायचे आणि क्रिकेटचा चेंडू आला की डोळे मिटायचे. पण समितीचे उत्तर तयार होते : "तू स्कोअर लिहायचीस ना? मग तूच लिही."

म्हणून मी सरांना भेटायला गेले. आपल्या बॅचला संस्कृत शिकवणारे आणि खेळाचा तास 'वरकामासारखा' गळ्यात पडलेला असूनही तो मनापासून घेणारे आपले सर. स्टेशनवरून रिक्षाने कानसई विभागात, ओळखीचा जिना, दारावर तीच पाटी. नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांनीच तशी अट घातली. मी आल्याचे कारण सांगितल्यावर ते म्हणाले, "माझ्यावर काही लिहू नकोस. दोन बातम्या साप्ताहिकात छापून आल्या म्हणून कुणी क्रीडालेखक होत नाही. लिहायचेच असेल तर देवधरांवर लिही. आठवतात का?"

आठवतात. मित्रमैत्रिणींनो, तुम्हालाही आठवतील अशी आशा आहे.

आठवीतला तो बुधवार

आपण १९९३ साली आठवीत गेलो आणि संस्कृत सुरू झाले. जून-जुलैत 'देव'ची रूपे पाठ करण्यात गेले. ऑगस्टच्या २५ तारखेला, बुधवारी, सर वर्गात आले ते हातात वर्तमानपत्र घेऊन. आदल्या दिवशी, २४ ऑगस्टला, पुण्यात प्रा. दि. ब. देवधर वारले होते. वय १०१ वर्षे.

त्या दिवशी रूपे झाली नाहीत. सरांनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या : 'संस्कृतचे प्राध्यापक', 'क्रिकेटपटू', 'लेखक'. मग विचारले, "या तिघांतला खरा माणूस कोणता?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "क्रिकेटपटू!" सर म्हणाले, "आज असेच वाटेल. पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा सांगा."

तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. उत्तर द्यायच्या आधी देवधरांची हकिकत थोडी सविस्तर सांगते. सर घेत असत तसाच हाही एक तास समजा.

कसोटी न खेळलेला कर्णधार

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ते १९११ साली उतरले आणि १९४६ पर्यंत खेळत राहिले. म्हणजे एकोणिसाव्या वर्षापासून चौपन्नाव्यापर्यंत. मधल्या काळात दोन महायुद्धे होऊन गेली. पण या सगळ्या वर्षांत त्यांची ओळख 'प्रोफेसर देवधर' हीच राहिली, कारण ते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात, म्हणजे आपण ज्याला एस. पी. म्हणतो तिथे, संस्कृत शिकवत होते.

त्या काळी आपल्याकडे निव्वळ क्रिकेटवर घर चालत नसे. नावाजलेल्या खेळाडूंपैकी काहींना संस्थानिकांचा आश्रय असे. सी. के. नायडू इंदूरला होळकरांच्या सैन्यात होते, विजय हजारे पुढे बडोद्याला गेले. देवधरांच्या घरातली चूल मात्र शिकवण्याच्या पगारावर पेटत होती. सर सांगत, "सकाळी व्याख्यान आणि संध्याकाळी नेट. सुट्टी लागली की सामने." आपल्याला तेव्हा हे मजेचे वाटले. आज ऑफिस सांभाळून आठवड्यातून तीन दिवस चालायला जाणे मला जमत नाही, तेव्हा त्यातले कष्ट कळतात.

१९२६ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगनच्या नेतृत्वाखाली एम.सी.सी.चा संघ भारतात आला. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाकडून नायडूंनी १५३ धावांची ती प्रसिद्ध खेळी केली. त्याच महिन्यात, त्याच मैदानावर, भारतीय संघाकडून खेळताना देवधरांनी १४८ धावा काढल्या. या दौऱ्यामुळे गिलिगनचे मत बनले की भारत कसोटी क्रिकेट खेळण्याच्या योग्यतेचा आहे. दोनच वर्षांनी, १९२८ साली, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला.

ज्यांच्या बॅटमुळे हा दरवाजा उघडला त्यांपैकी नायडू त्या सामन्यात कर्णधार होते. देवधर तेव्हा चाळीस वर्षांचे होते आणि संघात नव्हते. पुढेही ते कधीच कसोटी खेळले नाहीत.

सरांनी इथे थांबून आम्हाला विचारले होते, "तुम्ही असता तर काय केले असते?" कुणीतरी म्हणाले, "खेळणे सोडले असते."

देवधरांनी सोडले नाही. महाराष्ट्राचे कर्णधार म्हणून त्यांनी १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकून दिला. त्यानंतर महाराष्ट्राला तो आजवर एकदाही जिंकता आलेला नाही. १९४०-४१ च्या मोसमात मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा काढल्या. ही त्यांची सर्वोच्च खेळी, आणि तेव्हा त्यांचे वय ४८ होते. १९४४ साली नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली, १०५ आणि १४१. वय ५२. आपल्यातल्या बहुतेकांना त्या वयाला पोहोचायला अजून पाच-सहा वर्षे आहेत. गुडघे सांभाळा.

पुढे त्यांना पद्मश्री मिळाली, १९९१ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने देवधर करंडक ही मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू झाली. आपल्या लहानपणी त्या करंडकाच्या बातम्या पेपरात यायच्या, पण देवधर कोण हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होते?

मागे वळून पाहताना

देवधर म्हातारे झाले आणि लिहू लागले एवढेच सांगितले तर हकिकत अर्धी राहील. त्यांनी मराठीत लिहिले आणि इंग्रजीतही. भारतीय क्रिकेटच्या वाटचालीवरचे 'मार्च ऑफ क्रिकेट', आठवणींचे 'आय लुक बॅक', आणि मराठीतले आत्मचरित्र 'शतकाकडे'. हे शेवटचे पुस्तक सरांकडे होते. त्यांनी त्याला खाकी कव्हर घातले होते आणि वर्गात देताना बजावले होते की पान दुमडायचे नाही. पुस्तकाचे नाव किती नेमके आहे ते मला फार उशिरा कळले. धावांचे शतक त्यांनी अनेकदा केले होते. ते वाट बघत होते वयाच्या शतकाची, आणि तेही त्यांनी पूर्ण केले.

संस्कृत शिकवणाऱ्या माणसाने खेळावर लिहावे हे आपल्याकडे तितकेसे आश्चर्याचे नाही, हे सरांनीच एकदा दाखवून दिले होते. तत्पुरुष समास शिकवताना त्यांनी उदाहरण घेतले 'यष्टिरक्षक'. यष्टींचा रक्षक, षष्ठी तत्पुरुष. यष्टि म्हणजे काठी. मग 'यष्टिचीत', 'धावचीत', 'पायचीत'. यातले 'चीत' कुस्तीच्या आखाड्यातून आलेले. म्हणजे इंग्रजांचा खेळ, संस्कृतची काठी आणि कोल्हापूरचा आखाडा अशी तिघांची मिळून मराठी क्रिकेटची भाषा झाली. 'षटक' हा शब्द सहा या संख्येवरून आला, हे सांगून ते मिस्कीलपणे म्हणाले होते, "ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत एका ओव्हरमध्ये आठ चेंडू टाकत. त्याला मराठीत षटक म्हणायचे की अष्टक?" त्या दिवशी संस्कृतच्या तासाला वर्ग हसत होता.

हे शब्द आपोआप रुळलेले नाहीत. कुणीतरी ते रोज वापरले, लोकांच्या कानांवर घातले. आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे धावते समालोचन करणारे बाळ ज. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले होते. 'महाराष्ट्र टाइम्स' १९६२ मध्ये सुरू झाला आणि वि. वि. करमरकरांनी मराठी दैनिकात खेळाचे पान रुजवले. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना त्या पानावर क्रिकेटच्या शेजारी जागा दिली. २०२३ च्या मार्चमध्ये ते गेले. आपल्या पिढीला सर्वांत जवळचे द्वारकानाथ संझगिरी. ते सिव्हिल इंजिनीअर होते आणि मुंबई महापालिकेत नोकरी करत होते. हे मला इंजिनीअरिंगला गेल्यावर कळले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला की हा रस्ता एकदम बंद नसतो. २०२५ च्या फेब्रुवारीत तेही गेले. संदीप पाटील ज्याचे संपादक होते ते 'एकच षटकार' आपल्या वर्गात बाकाखालून फिरायचे हे किती जणांना आठवते? बाईंनी जप्त केलेला एक अंक शिक्षकांच्या खोलीत वाचला जात असल्याचे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. बाई, आता सांगायला हरकत नाही.

त्रिनिदादचे मास्तर

ही जोडी, शिकवणे आणि खेळावर लिहिणे, फक्त पुण्यातली नाही. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर सी. एल. आर. जेम्स नावाचे एक शिक्षक होते. क्वीन्स रॉयल कॉलेजात ते आधी विद्यार्थी होते आणि नंतर तिथेच शिकवू लागले. त्यांचा एक विद्यार्थी एरिक विल्यम्स पुढे त्रिनिदादचा पहिला पंतप्रधान झाला. भारत लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला त्याच १९३२ साली जेम्स इंग्लंडला गेले. खेळाडू लिअरी कॉन्स्टंटाइन यांच्याकडे नेल्सन या गिरण्यांच्या गावात राहिले आणि 'मँचेस्टर गार्डियन'साठी क्रिकेटवर लिहू लागले. १९६० च्या सुमारास वेस्ट इंडीजचा कर्णधार कृष्णवर्णीय का असू नये, असा प्रश्न त्यांनी आपल्या वृत्तपत्रातून लावून धरला आणि फ्रँक वॉरेल कर्णधार झाले. १९६३ साली त्यांचे 'बियाँड अ बाउंड्री' प्रसिद्ध झाले. क्रिकेटच्या मैदानात समाजाचे सगळे भांडण कसे दिसते ते त्यात आहे.

आपल्याकडेही ते भांडण होते. पुण्यात इंग्रज साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करता करता मोठे झालेले बाळू पालवणकर हे दलित होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्याच बाळूंना सुरुवातीच्या काळात संघातले सहकारी वेगळ्या भांड्यातून, बाहेर बसवून चहा देत. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले. विठ्ठलरावांनी मराठीत आत्मचरित्र लिहून ठेवले. रामचंद्र गुहा यांच्या २००२ च्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या पुस्तकामुळे पालवणकर बंधूंची गोष्ट जगभर गेली, पण तिचा एक मोठा आधार विठ्ठलरावांचे ते मराठी पुस्तक होते. त्यांनी ते लिहिले नसते तर काय उरले असते? धावफलकातले आकडे. चहाचा पेला कोणता होता हे धावफलकात येत नाही.

मुलींचा संघ नव्हता म्हणून

आता आपल्या शाळेकडे येते. तुम्हाला वाटत असेल, मी स्कोअर लिहायला लागले ते गणित चांगले होते म्हणून. खरे कारण वेगळे आहे. नववीत मुलांचा क्रिकेट संघ आंतरशालेय सामन्यांना जाणार होता आणि मी सरांना विचारले, मुलींचा संघ का नाही? सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "संघ मी आज देऊ शकत नाही. पण हे देतो." आणि निळ्या पुठ्ठ्याचे स्कोअरबुक माझ्या हातात ठेवले.

मग त्यांनी देवधरांच्या मुलींबद्दल सांगितले. तारा, सुंदर आणि सुमन या देवधर भगिनींनी १९४० च्या दशकात भारतीय महिला बॅडमिंटन गाजवले. ज्या काळात आपल्या आज्या अंगण ओलांडताना पदर सावरत, त्या काळात. सर म्हणाले, "प्राध्यापकांनी घरातही खेळ शिकवला. मुलींना शिकवला. हे लक्षात ठेव."

स्कोअर कसा लिहायचा ते मला सरांनी शिवमंदिराकडच्या मैदानावर, झाडाखाली बसून शिकवले. धाव नाही तर टिंब. सहा टिंबे झाली की ती जोडून 'एम', म्हणजे निर्धाव षटक. बाइज आणि लेगबाइज गोलंदाजाच्या नावावर घालायच्या नाहीत. डाव संपला की फलंदाजांच्या धावा आणि अवांतर यांची बेरीज गोलंदाजांच्या हिशेबाशी ताडून पाहायची. ताळा जुळला नाही तर उठायचे नाही. एकदा दोन धावांचा फरक राहिला. मुले डबे उघडून बसली होती, आणि मी चाळीस षटके पुन्हा मोजत होते. सापडला. एक ओव्हरथ्रो मी दोनदा लिहिला होता.

आज माझे पोट ज्या कामावर चालते त्याचे मूळ मला या झाडाखाली दिसते. रात्री दोन वाजता एखादी यंत्रणा बंद पडते तेव्हा आम्ही काय करतो? नोंदी वाचतो. कुठल्या क्षणाला काय झाले, कुठे ताळा चुकला. ज्याने नीट नोंदी ठेवल्या नाहीत त्याचा प्रोग्राम कितीही हुशारीने लिहिलेला असो, त्या रात्री त्याचा उपयोग शून्य. हे मी नव्या मुलांना शिकवते. शिकवताना माझ्या तोंडून सरांचीच वाक्ये बाहेर पडतात.

स्कोअरबुक एकच होते, म्हणून मुलींच्या खो-खोचे सामनेही आम्ही त्यातच लिहिले. क्रिकेटचे रकाने काट मारून, वर पट्टीने नवे रकाने आखून. कोण किती वेळ टिकली, कुणी कुणाला बाद केले. आपल्या बॅचचा मुलींचा खो-खो संघ चांगला होता. हे मी मैत्रीपोटी म्हणत नाही, माझ्याकडे नोंद आहे.

तो अर्ज

इथून पुढचे लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

दहावीत सहामाहीचा निकाल लागला आणि सगळ्या घरांत घबराट झाली. शुक्रवारचे शेवटचे दोन तास खेळाचे असत. ते बंद करून गणिताचे जादा तास घ्यावेत, असा अर्ज वर्गातर्फे कार्यालयात गेला आणि मंजूर झाला. पुष्कळ जणांना अजून वाटते की तो निर्णय वरून आला. तसे नव्हते. अर्ज मी लिहिला होता. सह्या मी गोळा केल्या होत्या. वर्गात पहिली येणारी मुलगी अर्ज घेऊन आली की कोण नाही म्हणणार? निम्म्यांनी न वाचताच सही केली.

त्या शुक्रवारी मी सरांना तोंड दाखवायला घाबरत होते. त्यांनीच बोलावले. अर्जाचा कागद त्यांच्या टेबलावर होता. म्हणाले, "अर्ज नीट लिहिला आहेस. एक वेलांटी चुकली आहे तेवढी." आणि लाल पेनाने ती दुरुस्त करून कागद माझ्या हातात दिला. त्याहून एक शब्दही नाही.

खेळाचा तास गेला म्हणजे मुलांचे फारसे बिघडले नाही. ते संध्याकाळी कुठल्याही गल्लीत स्टंप ठोकत. मुलींना मात्र खेळायला तो एकच तास होता. सराव बंद झाला. त्या वर्षीच्या स्पर्धेत मुलींच्या खो-खो संघाचे नाव गेले नाही. आपल्या कर्णधाराला जिल्हा संघाच्या निवडीची आशा होती. तिचे नाव लिहीत नाही, तिला माहीत आहे. ती माझ्याशी दहावी संपेपर्यंत बोलली नाही. मला वाटले, ही रागावते कशाला, अभ्यासच तर आहे.

१३ मार्च १९९६. परीक्षेचे दिवस, आणि कोलकात्याला विश्वचषकाची उपांत्य फेरी. श्रीलंकेच्या २५१ धावा. आपला सचिन खेळत होता तोवर सगळे ठीक होते. तो ६५ वर यष्टिचीत झाला तेव्हा फलकावर ९८ धावा होत्या, आणि बघता बघता ८ बाद १२०. प्रेक्षकांनी गोंधळ घातला, सामना श्रीलंकेला बहाल झाला आणि विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. आमच्या इमारतीत त्या रात्री कुणी जेवले नाही. मीही रडले. पुस्तक मांडीवर ठेवून देशाच्या संघासाठी रडले. पण आपल्याच वर्गातल्या नऊ मुलींचा संघ मी एका कागदाने मैदानाबाहेर काढला, त्याबद्दल माझ्या डोळ्यांत पाणी आले नव्हते.

गणितात मला पूर्ण गुण मिळाले. ते जादा तास नसते तरी मिळाले असते, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

कोरी पाने

कानसईच्या त्या घरातून निघताना सरांनी कपाटातून एक पिशवी काढली. आत निळ्या पुठ्ठ्याचे स्कोअरबुक. संमेलनातल्या प्रदर्शनात ठेवायला दिले. मी लोकलमध्ये बसून उघडले. माझे अक्षर, पट्टीने आखलेले रकाने, मुलींची नावे. शेवटचा सामना १९९५ च्या पावसाळ्यानंतरचा. त्यापुढची पाने कोरी.

मी सरांना जाताजाता विचारले होते की त्या अर्जाचा त्यांना राग आला होता का. ते म्हणाले, "राग नाही आला. वाटले, मीच कुठे तरी कमी शिकवले." हे उत्तर मला रागापेक्षा जड गेले.

सर, ही स्मरणिका तुम्ही पहिल्या पानापासून वाचाल आणि चुका काढाल हे मला माहीत आहे. म्हणून इथेच, सर्वांसमोर लिहिते. तुम्ही कमी शिकवले नाही. चूक माझी होती. आणि खो-खोच्या कर्णधार बाई, तू आता बदलापूरला असतेस, संमेलनाला येणार आहेस असे यादीत वाचले. तुझी माफी मी तीस वर्षांपूर्वी मागायला हवी होती. आता मागते. तुला बोलायचे नसेल तरी चालेल. फक्त पान ३४ उघडून बघ. शेवटच्या सामन्यात तू किती वेळ टिकली होतीस ते तिथे लिहिले आहे, आणि ताळा जुळतो आहे.

आता सरांच्या आठवीतल्या प्रश्नाकडे. प्राध्यापक, क्रिकेटपटू, लेखक, यांतला खरा देवधर कोणता? क्रिकेटपटू म्हणून त्यांना कसोटीची टोपी मिळाली नाही. कसोटीच्या यादीत शोधाल तर ते सापडणार नाहीत. तरीही अंबरनाथच्या एका वर्गात, ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांना कधीही न पाहिलेल्या साठ मुलांना त्यांची गोष्ट कळली. ती कळली कारण त्यांनी शिकवले, लिहून ठेवले, आणि ते वाचलेल्या दुसऱ्या एका शिक्षकाने आपला तास त्यासाठी खर्च केला. म्हणून माझे उत्तर असे : सर, खरा माणूस तिसऱ्या आणि पहिल्या ओळीच्या मध्ये कुठे तरी आहे. मधल्या ओळीने त्यांना फक्त सांगण्यासारखे काहीतरी दिले.

समितीला एक विनंती आहे. शाळेच्या कपाटात करंडक पुष्कळ आहेत, पण ते कुणी, कधी, कसे जिंकले याचा एक कागद मला सापडला नाही. स्कोअरबुकात सदतीस पाने कोरी आहेत. संमेलनाच्या दिवशी ते प्रदर्शनाच्या टेबलावर असेल, शेजारी पेन बांधलेले असेल. ज्याला जो सामना आठवतो तो त्याने लिहावा. लंगडी, लगोरी, वार्षिक स्नेहसंमेलनातली रस्सीखेच, काहीही चालेल. हरलेले सामनेही लिहा. आणि आज आपल्या शाळेत मुलींना खेळाचा तास आहे का, याची चौकशी मी केली आहे. आहे. शुक्रवारी, शेवटचे दोन.

कुणी तो मागायला आले, तर सही करण्याआधी वाचा.